जर्मनीत शिकायला निघालात? मग किराण्याची तयारी अशी करा

गणपती उरकले की ठाण्यात घरोघरी बॅगा उघडतात. जर्मनीतलं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत सप्टेंबरभर हाच उद्योग. हॉलमध्ये वजनकाटा, काट्यावर बॅग, बॅगेत पाच किलो तूरडाळ. काटा २३ च्या पुढे गेला की डाळ बाहेर आणि स्वेटर आत. रात्री सगळे झोपले की आई स्वेटर बाहेर काढते आणि डाळ पुन्हा आत.

माझं मत आधीच सांगून टाकते. डाळ, तांदूळ, पीठ, साखर यांना बॅगेत जागा देऊ नका. हे सगळं तिथे मिळतं, बरंचसं रास्त भावात मिळतं. जागा द्यायची ती तिथे न मिळणाऱ्या मोजक्या वस्तूंना. उरलेली तयारी माहितीची आहे: कुठलं सामान कुठल्या दुकानात, पाकिटावर काय वाचायचं आणि दुकानं बंद कधी असतात. मी तिथे शिकत असताना जे केलं आणि आता इथून जाणाऱ्या मुलांना जे सांगते, ते क्रमाने लिहिते.

पायरी १ : निघण्याआधी महिनाभर घरचं वाणसामान तुम्ही भरा

दुधाची पिशवी आणणं वेगळं आणि महिन्याचं सामान भरणं वेगळं. आईबाबांना महिनाभर सुट्टी द्या. यादी तुम्ही करा, जांभळी नाक्यावर किंवा जवळच्या डीमार्टमध्ये तुम्ही जा, पैसे तुम्ही मोजा. घरी आल्यावर स्वयंपाकघरातला काटा काढा आणि वाटी-चमच्यांचे ग्रॅम लिहून ठेवा. तुमच्या एका वेळच्या भाताला किती ग्रॅम तांदूळ लागतात? आठवड्याला तेल किती जातं? हे आकडे आईच्या हाताला माहीत असतात, तुमच्या नाही.

याचा उपयोग पहिल्याच आठवड्यात कळतो. विद्यार्थी वसतिगृहात स्वयंपाकघर बहुधा सामायिक असतं. तुमच्या वाट्याला फ्रिजमधला एक कप्पा, कपाटातला एक खण आणि फ्रीझरचा एखादा कोपरा. तिथे पाच किलो कांद्याची जाळी ठेवायला जागा नसते, आणि स्वस्त पडतं म्हणून आणलेली ती जाळी मग तुमच्या पलंगाखाली कोंब काढत बसते.

पायरी २ : बॅगेत काय जाईल आणि काय अडेल

आधी कायदा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, चक्का हे सगळं त्यात आलं. ‘घरचं आहे, विकायचं नाही’ हे तिथल्या कस्टमला पटत नाही. माल जातो, वर दंडही बसू शकतो. ताज्या फळाभाज्यांना रोपस्वास्थ्याचा दाखला लागतो. त्यातून सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. उन्हाळी सत्रासाठी मार्चअखेर निघणाऱ्यांनी हापूसची पेटी मनातून काढून टाकावी. ताजा कढीपत्ताही नको. सावलीत कडक वाळवून, डब्यात भरून न्या.

कोळी-आगरी घरांतल्या मुलांसाठी मात्र चांगली बातमी आहे. माशांना हा नियम लागू नाही, स्वतःच्या खाण्यापुरते २० किलोपर्यंत चालतात. म्हणजे सुके बोंबील आणि सुकट कायद्याने जाऊ शकतात. सामायिक स्वयंपाकघरात ते भाजल्यावर शेजारचा मुलगा काय म्हणेल, हा प्रश्न कस्टमच्या कक्षेबाहेरचा आहे.

आणखी दोन वस्तू अनेकांना माहीत नसतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं आणि मुंबई विमानतळावरच बॅग उघडायला लागते. काळजी नको, जर्मनीत कुठल्याही दुकानात केकच्या सामानाच्या रांगेत सुक्या खोबऱ्याचा कीस स्वस्तात मिळतो. दुसरी वस्तू खसखस. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जात असाल तर तिची पुडी घरीच ठेवा, यूएईत तिच्यावर बंदी आहे. जर्मनीत तीच ‘मोन’ नावाने बेकऱ्यांत ढिगाने वापरतात. फक्त पांढरी नाही, निळसर काळी असते.

मग न्यायचं काय? गोडा मसाला, तुमच्या घरचा कांदा-लसूण किंवा मालवणी मसाला, आमसुलं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, एक डबी हिंग, पाव किलो मोहरी. नौपाड्यातल्या कुठल्याही गृहउद्योगाच्या दुकानात हे एका फेरीत मिळतं. पाकिटं दुकानातली सीलबंद असलेली बरी, नाव छापलेलं असतं म्हणून तपासणीत बोलणं कमी होतं. हिंग तीन पिशव्यांत बांधून मग स्टीलच्या डबीत. लोणचं नेणार असाल तर ते चेक-इन बॅगेत जाऊ द्या, केबिनमध्ये ते द्रव धरतात.

आणि कुकर. तीन लिटरचा, स्टीलचा, बूड इंडक्शनला चालणारं. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही आणि वसतिगृहात कुठली शेगडी असेल ते आधी कळत नाही. सोबत दोन जादा रबरी रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह टाका. मिक्सर नेऊन चालतो का, असं विचारतात. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे. फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, अडॅप्टर लागेल.

पायरी ३ : पहिले दोन दिवस

तिकीट काढताना वार बघा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. अगदी बंद, अर्धं शटर वर करून देणारा कोणी नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण तिथे भाव जास्त आणि गर्दी आपल्या ठाणे स्टेशनसारखी. शनिवारी रात्री उतरलात तर सोमवार सकाळपर्यंत खोलीत फक्त बॅग आणि तुम्ही.

सणांच्या सुट्ट्यांनाही हाच नियम. हिवाळी सत्राला जाणाऱ्यांना पहिलाच झटका ३ ऑक्टोबरला बसतो, तो त्यांचा राष्ट्रीय दिन. १ नोव्हेंबरला बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया अशा काही राज्यांत सुट्टी असते. २४ डिसेंबरला दुपारीच दुकानं आवरतात आणि पुढचे दोन दिवस पूर्ण बंद. त्यात रविवार जोडून आला की आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. रोजची वेळ राज्यागणिक बदलते. बऱ्याच ठिकाणी रात्री १० पर्यंत चालू असतं, पण म्युनिकला, म्हणजे बव्हेरियात जाणार असाल तर ८ वाजता दार लागलं असं धरून चाला.

म्हणून हातातल्या बॅगेत दोन दिवसांचं खाणं ठेवा: भडंग, खाखरे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, उपम्याचं तयार मिश्रण. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, तिथलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं. घ्यायचीच झाली तर बाटलीवर ‘श्टिल’ लिहिलेलं बघा, नाहीतर सोड्यासारखं फसफसणारं पाणी हाती येतं.

पायरी ४ : तीन दुकानं ओळखीची करून घ्या

एकाच छताखाली सगळं मिळेल ही अपेक्षा सोडा. आपण भाजी गावदेवीच्या मंडईतून आणतो, धान्य जांभळी नाक्यावरून आणि पीठ गिरणीतून. तिथेही सामानाची अशीच वाटणी होते.

पहिलं दुकान स्वस्त साखळीचं: आल्डी, लिडल, पेनी, नेटो. दूध, दही, अंडी, लोणी, बटाटे, कांदे, टोमॅटो, कोबी, तेल, मीठ, साखर, ओट्स इथून घ्या. रेवे आणि एडेका ही जरा वरच्या दर्जाची सुपरमार्केटं. तिथे माल जास्त प्रकारचा असतो, पण त्यांच्या स्वतःच्या छापाच्या वस्तू घेतल्यात तर बिल स्वस्त साखळीच्या जवळपासच येतं. रेवेचा ‘या’ आणि एडेकाचा ‘गूट उंट ग्युन्स्टिश’ हे असे छाप. काउफलांड जवळ असेल तर मोठ्या खरेदीला उत्तम. डीएम हे खरं तर साबण-शाम्पूचं दुकान, पण तिथे सेंद्रिय डाळी, पिठं, तांदूळ असतात आणि नव्या माणसाला ते सुचत नाही.

दुसरं दुकान तुर्की. माझ्या मते महाराष्ट्रातल्या मुलांनी सगळ्यात आधी शोधायचं दुकान हेच. जर्मनीत जवळपास प्रत्येक शहरात ते असतं आणि भारतीय दुकानाहून बहुधा जवळ असतं. बाहेर फळा-भाज्यांची लाकडी खोकी मांडलेली दिसली की ओळखा. कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, भेंडी, लहान वांगी, हिरव्या मिरच्या, पुदिना, ताजी मेथी कधीमधी. सुपरमार्केटात कोथिंबीर कुंडीत किंवा चिमूटभर पाकिटात मिळते आणि तिची किंमत बघून भाजीवाल्याने फुकट टाकलेली जुडी आठवते. एक खबरदारी: कोथिंबिरीशेजारीच तिच्यासारखीच दिसणारी पार्सली ठेवलेली असते, तिचं नाव ‘पेटरझिलिए’. पान चुरगळून वास घ्या, लगेच कळेल.

तुर्की दुकानातली खरी दौलत दुग्धपदार्थांच्या फ्रिजमध्ये आहे. ‘सुझ्मे’ लिहिलेला डबा उचला. ते दही पाणी गाळून घट्ट केलेलं असतं, म्हणजे आयता चक्का. पिठीसाखर, वेलची, थोडं केशर घाला, पाडव्याचं श्रीखंड तयार. आयरान म्हणजे मीठ घातलेलं ताक. भाजके चणे ‘लेब्लेबी’ नावाने मिळतात. बुलगूर म्हणजे आपल्या दलियाचा भाऊबंद, पण तो आधी उकडून वाळवलेला असल्याने पटकन शिजतो, त्याचा उपमा झकास होतो. मटण-चिकन खाणाऱ्यांनाही हेच दुकान सोयीचं, सुटं मांस हवं तसं तोडून देतात. बकऱ्याचं मटण क्वचित मिळतं, मेंढीचं मिळतं.

तिसरं भारतीय दुकान. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, बारीक शेव, काळी मोहरी, चक्कीचं पीठ, फ्रीझरमधलं ओलं खोबरं यासाठीच तिथे जा. कांदे-बटाटे तिथून घेऊ नका, उगाच दुप्पट जातील. महिन्यातून एक फेरी पुरते.

भाज्यांत आणखी एक गंमत आहे. शेपू खाणाऱ्यांची तिथे चैन असते, कुठल्याही सुपरमार्केटात ‘डिल’ नावाने मिळतो. नवलकोल तर जर्मन लोकांची आवडती भाजी, नावही ‘कोलराबी’. शरद ऋतूत लाल भोपळे रचलेले दिसतात, त्यांतल्या होक्काइडो जातीची सालही शिजते. कोबी घेताना टोकदार ‘श्पिट्सकोल’ घ्या, तो कोवळा असतो आणि पिवळी डाळ घालून केलेल्या भाजीला आपल्या कोबीसारखा लागतो. गोठवलेला पालक घेताना पाकीट बघा: ‘ब्लाटश्पिनाट’ नुसता पालक, ‘राम्श्पिनाट’मध्ये साय मिसळलेली असते.

पायरी ५ : पाकीट वाचायला शिका

फोनवरचं कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप कामाचं आहे, पण जर्मन भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा. तळघरातल्या दुकानांत नेटवर्क जातं. शिवाय खालचे शब्द पाठ असतील तर फोन काढावाच लागत नाही. इथे उच्चार देते, स्पेलिंग शोधून यादीत लिहून ठेवा.

पिठापासून सुरू करू. एक किलोचं कागदी पाकीट, वर ‘वाइट्सनमेल’, म्हणजे गव्हाचं पीठ, आणि खाली टाइप ४०५. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम खनिज राख उरेल ते. कोंडा जितका जास्त तितका आकडा मोठा. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. ५५० थोडा जाड. १०५० मध्ये कोंडा बऱ्यापैकी असतो. ‘फोल्कॉर्न’ म्हणजे सगळ्या कोंड्यासकट. नव्या मुलांना वाटतं, फोल्कॉर्न म्हणजे आपली कणीक. पण तिची पोळी कडेने फाटते. आपल्या चक्कीत दगडाखाली गव्हातला स्टार्च जास्त दुखावतो, म्हणून कणीक पाणी जास्त पिते आणि पोळी मऊ राहते. तिथलं पीठ तसं दळलेलं नसतं. उपाय: फोल्कॉर्न आणि ५५० निम्मं निम्मं, पाणी कोमट, आणि भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. घडीची पोळी होणार नाही, फुलका होईल. तेवढ्यावर समाधान नसेल तर भारतीय दुकानातलं चक्कीचं पीठ आहेच.

रवा म्हणजे ‘ग्रीस’. ‘वाइशवाइट्सनग्रीस’ शिऱ्याला चालतो. बेसन डीएममध्ये किंवा तुर्की दुकानात काबुली चण्याचं मिळतं. पिठल्याला ठीक, पण चव किंचित वेगळी येते. खाण्याचा सोडा म्हणजे ‘नाट्रोन’, बेकिंग पावडर म्हणजे ‘बाकपुलफर’. दोन्ही छोट्या पुड्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात.

डाळींत ‘रोटे लिन्झन’ म्हणजे मसूरडाळ. कुठेही मिळते, स्वस्त असते आणि कुकरशिवाय पंधरा मिनिटांत शिजते. परीक्षेच्या काळात हीच तुमची अन्नपूर्णा. ‘टेलरलिन्झन’ आख्खे मसूर. ‘किखरएर्ब्सन’ काबुली चणे.

मसाल्यांत सगळ्यात जास्त फसगत जिऱ्याची. ‘क्युमेल’ म्हणजे जिरं नव्हे. दिसतं तसंच, पण ते कॅरवे, फोडणीत घातलं की वरणाला भलताच वास येतो. आपलं जिरं ‘क्रॉइट्सक्युमेल’ आणि तुर्की दुकानात ‘किम्योन’. लाल तिखट समजून ‘पाप्रिका एडेलझ्यूस’ आणाल तर रंग सुरेख येईल, तिखटपणा शून्य. ‘रोझनशार्फ’ जरा तिखट, तेही आपल्या मानाने बेताचंच. हळद ‘कुर्कुमा’, ती बिनधास्त घ्या. सुपरमार्केटातली मोहरी पिवळी आणि टपोरी असते, म्हणून तर पाव किलो काळी घरून न्या म्हटलं.

तूप. ‘बुटरश्माल्ट्स’ म्हणजे लोणी कढवून केलेलं तूप, बरणीत किंवा डब्यात मिळतं, वरणभातावर घेऊन बघा. पण नुसतं ‘श्माल्ट्स’ किंवा ‘श्वाइनेश्माल्ट्स’ असेल तर ती डुकराची चरबी. दोन्ही एकाच रांगेत ठेवलेली असू शकतात. तुपावरून आठवलं, घरी साय साठवून लोणी काढायचा विचार असेल तर तिथल्या दुधाला साय नीट धरत नाही. त्यापेक्षा बिनमिठाचं लोणी आणून घरीच कढवा. २५० ग्रॅमची वडी अर्ध्या तासात तूप होते आणि वास आपल्या घरचा येतो.

शाकाहारी मुलांनी पिवळ्या वर्तुळातलं ‘व्ही’ चिन्ह शोधावं. ते नसेल तर घटकांच्या यादीत हे शब्द बघा: ‘श्वाइन’ डुक्कर, ‘रिंट’ गोमांस, ‘श्पेक’ आणि ‘शिंकन’ डुकराच्या मांसाचेच प्रकार, ‘गेलाटीने’ जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं, ‘लाब’ म्हणजे चीज करताना वापरतात ते रेनेट. लाब प्राणिज असू शकतं. ‘मिक्रोबिएल’ लिहिलं असेल तर चालेल. डबाबंद घेवड्यात, सुपांत आणि चिप्समध्ये श्पेक दडलेलं असतं. चिकन खाणाऱ्यांनीही खिमा घेताना सांभाळा: ‘हाकफ्लाइश गेमिश्ट’ म्हणजे डुक्कर आणि गाय मिसळून. कोंबडी ‘हेन्शन’.

दुधात ३.५ टक्के म्हणजे ‘फोलमिल्श’, १.५ टक्के म्हणजे कमी स्निग्धांशाचं. फ्रिजबाहेर रचलेले खोके ‘हा-मिल्श’चे, म्हणजे जास्त तापवून टिकाऊ केलेलं दूध, बंद असेतो महिनोन्‌महिने राहतं, चहाला ठीक, दह्याला फ्रिजमधलं ताजं बरं. आणि आई विचारेल म्हणून: हे दूध पाश्चराइज्ड असतं, तापवलं नाही तरी चालतं.

तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘मिंडेस्टन्स हाल्टबार बिस’ म्हणजे तोवर नक्की चांगलं. त्यानंतर दही दोन दिवस उलटलं म्हणून फेकू नका, बघा, वास घ्या, मग ठरवा. पण ‘झु फरब्राउखन बिस’ असेल, आणि खिमा-चिकनवर ते असतं, तर त्या तारखेनंतर डबा सरळ कचऱ्यात.

पायरी ६ : किंमत कुठे शोधायची

पाकिटावर एमआरपी शोधू नका. तिथे ती नसतेच. प्रत्येक दुकान आपली किंमत ठरवतं आणि ती फळीवरच्या पट्टीवर असते, कर धरून. म्हणून एकच शीतपेय लिडलमध्ये एका भावाला आणि स्टेशनवर दुसऱ्याच भावाला.

त्या पट्टीकडे नीट बघा. मोठ्या अक्षरात पाकिटाची किंमत. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘१ किलो =’ किंवा ‘१ लिटर =’ आणि एक आकडा. त्याला ‘ग्रुंटप्राइस’ म्हणतात आणि तुमच्या कामाचा आकडा तोच. आपल्याकडेही आता पाकिटावर ग्रॅममागची किंमत छापतात, आपण बघत नाही एवढंच. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असं नाही, हे ग्रुंटप्राइसवरून उघड होतं. डबाबंद चण्या-राजम्यावर आणखी एक वजन असतं, ‘आबट्रॉप्फगेविश्ट’, म्हणजे पाणी निथळून उरलेलं. ४०० ग्रॅमच्या डब्यात चणे २५० च्या आसपासच भरतात. सुके चणे भिजवलेले कितीतरी परवडतात, कुकर नेलाच आहे.

स्वस्त माल अगदी खालच्या फळीवर असतो, वाकायला लागतं. दर आठवड्याला सवलतींची जाहिरात निघते, ‘आन्गेबोट’ हा शब्द ध्यानात ठेवा. तारीख जवळ आलेल्या मालावर ३० टक्के सवलतीचं स्टिकर चिकटवतात. असं पनीरसारखं चीज किंवा चिकन दिसलं की आणून त्याच दिवशी शिजवा.

अंड्यावर छापलेल्या संकेताचा पहिला आकडा बघायचा असेल तर: ० सेंद्रिय, १ मोकळ्या कोंबड्यांचं, २ शेडमधलं, ३ पिंजऱ्यातलं.

पायरी ७ : काउंटरवर

ढकलगाडी साखळीने अडकवलेली असते, ५० सेंट, १ किंवा २ युरोचं नाणं घातलं की सुटते आणि परत लावली की नाणं परत. खिशात एक नाणं कायम ठेवा. कापडी पिशव्या घरून न्या. दुकानात प्लास्टिकच्या पिशव्या देणं २०२२ पासून बंद आहे, बाकीच्या विकत मिळतात.

आता पट्ट्यावरचा प्रसंग. तुमचं सामान पट्ट्यावर लावलंत की शेवटी लांबट दांडी ठेवायची, मागच्याचं सामान वेगळं राहतं. जड आणि टणक वस्तू आधी, टोमॅटो-अंडी शेवटी. कारण काउंटरवरची बाई एकदा स्कॅन करायला लागली की वस्तू समोर सरकवतच जाते, कोणाची वाट बघत नाही. तिथे उभं राहून पिशवीत नीट रचायचं नसतं. सगळं भराभर परत गाडीत टाका, पैसे द्या, बाजूला व्हा आणि खिडकीशी जो लांब कट्टा असतो तिथे निवांत भरा. मागचा माणूस काही बोलणार नाही, पण त्याचा उसासा ऐकू येईल.

ती तीन गोष्टी बोलते. ‘हालो’, त्याला ‘हालो’. ‘कार्टे ओडर बार?’ म्हणजे कार्ड की रोख. आणि ‘बॉन?’ म्हणजे पावती हवी का. पहिले काही महिने हो म्हणा, हिशेबाला लागते. फळं-भाज्या बहुतेक ठिकाणी तीच तोलते. काउफलांडमध्ये मात्र भाजीच्या विभागातच स्वतः तोलून, फळाचा क्रमांक दाबून स्टिकर लावायचं असतं. स्टिकर नसेल तर काउंटरवरून परत पाठवतात, रांग तशीच उभी.

मोठ्या साखळ्यांत आपलं फॉरेक्स कार्ड चालतं. लहान तुर्की दुकानांत फक्त जर्मन ‘जिरोकार्ड’ किंवा रोख, म्हणून बँक खातं उघडेपर्यंत पन्नासेक युरो सुटे ठेवा. घासाघीस करू नका, भाव एकच.

पायरी ८ : बाटल्या फेकू नका

प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर बहुधा २५ सेंट अनामत असते, तिला ‘फांट’ म्हणतात. पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटल्यांवर बहुधा १५, बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीवर ८. दुकानाच्या दाराशी यंत्र असतं, बाटली आडवी आत सारायची, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की बिलातून वजा. बाटली चेपू नका, यंत्राला तिच्यावरचा बारकोड वाचता यायला हवा.

महिन्याचा हिशेब

व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला ९९२ हातात. भाडं आणि आरोग्यविमा गेला की फार उरत नाही. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे उपाहारगृहात जेवलात आणि रात्री घरी शिजवलंत तर किराणा आणि मेन्झा मिळून २०० युरोंच्या आसपास भागावं, असा माझा अंदाज. पहिल्या महिन्यात तो नक्की ओलांडतो, कारण मीठ, तेल, मसाल्याचे डबे, तवा सगळं एकदम घ्यावं लागतं. युरोला रुपयांनी गुणणं मात्र लवकर थांबवा. एक लिटर दूध युरोच्या आसपास म्हटल्यावर पोटात गोळा येतो आणि मुलं दूधच सोडतात. त्यापेक्षा बाहेरचा एक पिझ्झा सोडा, आठवड्याचं दूध निघतं.

आठवड्याची खरेदी शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी लवकर उरका, शनिवारी दुपारनंतर भाज्या शिळ्या आणि रांगा लांब. भारतीय दुकानात जाताना वसतिगृहातल्या अजून एकादोघांना सोबत घ्या. चक्कीच्या पिठाची दहा किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडते, ती तिघांत वाटून घ्या, आणि जाताना विमानात नेलेली चाकांची छोटी बॅग रिकामी करून बरोबर न्या, पीठ हातात धरून ट्राममध्ये चढणं जमत नाही.